खो-खोला वाघाची लेन्स

नागपुरात जुनी टेलिफोटो लेन्स शोधायला निघालं की समोरचा माणूस लेन्सबद्दल काही विचारतच नाही. तो विचारतो, "कोणत्या गेटनं जाता?" गेट म्हणजे जंगलाचं, पेंचचं, नाहीतर ताडोब्याचं. लांबचं जवळ आणणारी लेन्स देवानं फक्त वाघासाठी घडवली, असा आमच्या गावाचा पक्का समज आहे. वाघ नाहीच दिसला तर फार तर पक्षी. मी "खो-खोसाठी हवी आहे" म्हटलं की माणसं माझ्याकडे जरा दयेनं बघायची. एकानं तर सरळ विचारलं, "मोबाइलनं नाही निघत का मॅडम?"

नाही निघत. निघत असता तर भर पितृपक्षात, सासूबाईंची बोलणी खाऊन, उन्हात दुकानं पालथी घालायची मला काय हौस होती?

मी एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. खेळ म्हणजे आमच्याकडे खो-खो, कारण त्याला दोन खांब आणि मोकळं मैदान एवढंच लागतं आणि शाळेजवळ तेवढंच आहे. माझ्या मुली चांगल्या खेळतात. हे मी कौतुकानं नाही, वैतागानं सांगते आहे, कारण त्याचा पुरावा कुठेच नाही. स्पर्धा तालुक्याची असो की जिल्ह्याची, फोटो काढणारा येतो तो पाहुण्यांबरोबर आणि जातो तोही पाहुण्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो: खेळाडूंचा परिचय करून घेताना मान्यवर. नाहीतर चषक देताना तेच मान्यवर. या दोन फोटोंच्या मधे कधीतरी खेळही झाला होता, याचा पत्ता पेपर वाचणाऱ्याला लागत नाही.

मला हे फार लागतं, कारण मी स्वतः अशाच एका फोटोत आहे. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी खो-खो खेळले, गुडघे फोडून घेतले, घरी बोलणी खाल्ली. त्या सगळ्या वर्षांचा माझ्याजवळ एकच फोटो आहे, पेपरातलं कात्रण, वडिलांनी लॅमिनेट करून दिलेलं. त्यात एक पाहुणे आमच्या कर्णधाराला ढाल देत आहेत. त्यांनी पांढरा सफारी घातला आहे, त्यांचं कोपर ऐसपैस बाहेर आलं आहे आणि त्या कोपरामागे एक डोळा, अर्धा गाल आणि एक वेणी दिसते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तो फोटो कौतुकानं हातात घेतला होता. चष्मा लावून त्यांनी एकेक मुलगी पाहिली.

"यात तू कोणती वं?"

मी कोपरावर बोट ठेवलं. "हे मी."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "असशीन," त्या म्हणाल्या, आणि फोटो परत दिला.

या वर्षीच्या संघात एक मुलगी होती, बारावीतली. शाळेकडून खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. खापरखेड्याच्या कॉलनीतून बसनं यायची आणि बस उशिरा आली तर दप्तर पाठीवर घेऊनच मैदानात शिरायची. तिचं कौशल्य खांबाजवळचं. पाठलाग करत ती खांबाशी पोचते, एका हातानं खांब धरते आणि दुसरा हात पुढे करून अख्खी आडवी हवेत झोकून देते, खांबापलीकडे निसटणाऱ्या मुलीच्या टाचेला बोट लागावं म्हणून. आम्ही त्याला सूर म्हणतो. सूर बऱ्याच जणींना येतो. हिच्यासारखा मी पाहिलेला नाही, आणि मी जन्मभर तेच पाहत आले आहे.

एकदा सराव संपल्यावर ढोपरावरची माती झटकत ती म्हणाली, "मॅडम, मी सूर मारते तेव्हा कशी दिसते? मले तं खालची मातीच दिसते फक्त."

"झकास दिसतेस," मी म्हटलं.

"मग दाखवा ना."

दाखवते, असं मी म्हणून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शाळेचा एक कॅमेरा आहे, गॅदरिंगसाठी घेतलेला. त्याच्यासोबत आलेल्या छोट्या लेन्सनं मी मैदानाच्या कडेवरून फोटो काढून पाहिले. खांब उत्तम आला. खांबाशेजारी एक निळा डाग आला. ती माझी खेळाडू. तिनं फोटो पाहिला आणि समजूतदारपणे म्हणाली, "खांब मस्त आला मॅडम." त्या समजूतदारपणाचा मला जास्त त्रास झाला. रडली असती, रुसली असती तर बरं वाटलं असतं. पण या मुलींना स्वतःला न पाहण्याची सवय असते.

मग मी रीतसर चौकशी केली. खेळाचे फोटो काढायला लेन्सनं नुसतं दूरचं जवळ आणून भागत नाही, तिचं तोंड मोठं लागतं, म्हणजे उजेड भरपूर आत येतो. आमच्या अंतिम सामन्यांना उजेड कुठला? स्पर्धा सकाळची असते, पण ती पाहुणे आल्यावर सुरू होते, मग भाषणं होतात, आणि फायनल येईपर्यंत ऊन शाळेच्या गच्चीवर चढून बसलेलं असतं. त्या अर्धवट उजेडात मुलगी हवेत असते ती पापणी लवेपर्यंत. ते पकडायचं तर मोठ्या तोंडाचीच लेन्स हवी. जंगलवाल्यांची लेन्स लांबच लांब असते, पण तिचं तोंड तिच्या लांबीच्या मानानं बारीक. तिला लख्ख ऊन लागतं. त्यांचं भागतं, कारण वाघ उन्हात पडून राहतो आणि फोटो काढून होईपर्यंत हलत नाही.

मोठ्या तोंडाची लेन्स नवी घेणं शिक्षिकेच्या आवाक्यात नाही. म्हणून जुनी शोधायची. आणि शोधायला गेलं की वाघ.

बर्डीवरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात अशा सहा-सात लेन्सा उभ्या होत्या. पितृपक्षात कोणी काही घेत नाही, त्यामुळे दुकानदार मोकळा होता आणि बोलायला उत्सुक होता. त्यानं त्यातली सगळ्यात लांब काढली आणि लेकराला उचलावं तशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"ही घ्या मॅडम. हिच्यावर वाघीण निघाली आहे, पिल्लांसंगं." त्यानं मोबाइलवर फोटोही दाखवला. वाघीण खरंच निघाली होती, मिशीचा केस न् केस.

"ही संध्याकाळी चालेल का?"

"संध्याकाळी जंगलात कोण राहू देते? गेट बंद होते ना."

"मला जंगलात नाही जायचं. मला मैदानावर जायचं आहे."

"मैदानावर काय निघते?"

"माणसं," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

दुसरी लेन्स एका लग्नाच्या फोटोग्राफरची होती. त्यानं जाहिरातीत टाकलेला फोटो पाहून मला वाटलं, सापडली. नेमकी मला हवी तीच, जाड, आखूड, मोठ्या तोंडाची. मी ती हातात घेतली आणि पुढचं कडं फिरवलं. आत जात्यात खडा सापडावा तसा कर्रकर्र आवाज. कड्याच्या खाचांमध्ये सगळीकडे लाल काहीतरी भरलेलं.

"हे काय आहे?"

"कुंकू आहे मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "दर दसऱ्याले पूजा केली. जुनी आहे, पण देवासारखी ठेवली. वापरताना पायातली चप्पल काढतो मी."

चपलेचं मला माहीत नाही, पण इतक्या दसऱ्यांचं कुंकू खाऊन त्या लेन्सचं पोट बिघडलं होतं. मी समोरच्या झाडावर धरून पाहिलं. कडं मधेच अडकायचं आणि झाड पुसट व्हायचं ते पुसटच राहायचं. मला हसूही आलं आणि रागही आला. अरे, मोटरसायकलची पूजा करता तेव्हा पेट्रोलच्या टाकीत कुंकू टाकता का? हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो दुखावला. "श्रद्धेची गोष्ट आहे मॅडम," म्हणाला. त्याच्या घरच्यांनी दिलेली कॉफी अर्धी तशीच ठेवून मी उठले.

तिसरी रामदासपेठेत, एका वयस्कर डॉक्टरांकडे. त्यांना एके काळी फोटोचा नाद होता, आता हात थरथरतात म्हणून सोडला. लेन्स पुन्हा तीच, मला हवी ती, आणि बाहेरून तर आरशासारखी. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी काही तपासलंच नाही. मग आठवलं. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावायचा आणि दुसऱ्या बाजूनं आत डोकवायचं, हे एव्हाना मी शिकले होते. आत, मधल्या काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. बुरशी. कित्येक पावसाळे ती लेन्स लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी, साड्यांखाली झोपून होती.

"बुरशी आहे आत," मी म्हटलं.

"थोडीशी आहे," डॉक्टर म्हणाले. "फोटोत दिसत नाही."

"डॉक्टर, तुमच्याकडे पेशंट आला आणि म्हणाला थोडंसंच आहे, वरून दिसत नाही, तर तुम्ही त्याला घरी पाठवता का?"

माझ्या जिभेला हाड नाही. त्यांनी लेन्स माझ्या हातातून अलगद काढून घेतली, झाकण लावलं आणि "तुम्हाला घ्यायचीच नाही असं दिसतंय" असं म्हणून दार उघडून उभे राहिले. बाहेर येऊन मी स्कूटरवर बसले आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं. लेन्ससाठी नाही. साधी गोष्ट मागत होते मी. एका मुलीला ती हवेत असताना कशी दिसते ते दाखवायचं होतं, आणि अख्ख्या शहरात वाघ सोडून कशालाही दिसायचा हक्क नव्हता.

घरी येऊन मी हे सगळं रोज बोलायची. स्वयंपाक करताना, कपडे घडी करताना, कुणी ऐको न ऐको. माझे यजमान ऐकत होते. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत, मूळचे पारशिवनीकडच्या शेतकरी घरातले, आणि ऐकून घेऊन काही न बोलणं हा त्यांचा स्वभाव आहे. न बोलणारी माणसं काही करत नाहीत असं समजणं ही चूक असते.

दसऱ्याच्या सकाळी मी मुलींचा सराव घ्यायला गेले होते. परत आले तेव्हा पुढच्या खोलीत पाटावर पूजा मांडलेली होती. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते: विळा, यजमानांची पान्यांची पेटी, गावाहून आणलेलं खुरपं, आणि मी शिक्षिका म्हणून माझी शिट्टी. त्या रांगेत, शिट्टीच्या शेजारी, हातभर लांबीची एक लेन्स आडवी पडली होती. तिच्यावर हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं, वर झेंडूचं फूल आणि भोवती अक्षता.

"अहो, हे कोणाचं?"

"तुहंच," ते म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद की मला बोलायची भीती वाटावी. प्लांटमधले त्यांचे एक सहकारी दर सुट्टीला जंगलात जायचे. त्यांची पाठ गेली, डॉक्टरांनी जिपड्यातून फिरणं बंद केलं, आणि लेन्स विकायला निघाली. यजमानांनी घेऊन टाकली.

मी वाकून पुढच्या कड्यावरचे आकडे वाचले. बर्डीच्या दुकानात वाघीण काढणारी होती ना, तिचीच ही सख्खी बहीण.

"तुम्ही मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तं तू नाही म्हटली असती."

"नाहीच म्हटलं असतं. अहो, ही वाघाची लेन्स आहे."

"मंग? वाघ किती दूर असते. पोट्टी तं जवळच आहे. दूरचं दिसते तिले जवळचं नाही दिसणार?"

"उजेड लागतो हिले. संध्याकाळी काही नाही दिसणार. परत द्या."

तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या, हाताला पीठ तसंच. "परत कशी देशीन वं? पूजा झाली तिची. पूजा झालेली वस्तू घराबाहेर काढत नाही."

"आई, अजून आपण वापरली पण नाही."

"वापरणं वेगळं. घरात तं आली ना ती आता."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता त्यांच्या हातात काही नाही. विषय संपला. लग्नाच्या फोटोग्राफरला मी काय काय ऐकवलं होतं ते आठवून मी दसऱ्याची दुपार जुन्या टूथब्रशनं खाचांतलं कुंकू काढण्यात घालवली. संध्याकाळी लोक आपट्याची पानं द्यायला आले, तेव्हा सोनं घ्या सोनं घ्या म्हणताना माझा चेहरा सोनं हरवल्यासारखाच होता.

दिवाळी झाली, स्पर्धा जवळ आल्या, आणि मी रोज संध्याकाळी सरावाला ती लेन्स घेऊन जाऊ लागले. मुली तिला तोफ म्हणायच्या. तोफेतून जे निघालं ते मी आधीच सांगितलं होतं तेच निघालं. उजेड कमी म्हणून मुलगी पुसट, आणि कॅमेऱ्याला जबरदस्तीनं उजेड वाढवायला लावला तर फोटोभर रवा पेरल्यासारखे ठिपके. ती मुलगी सूर मारायची, उठायची आणि लांबूनच विचारायची, "आली का मी?" मी नाही म्हणून मान हलवायची. काही दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. मग ती सूर मारून उठायची आणि माझ्याकडे न बघता पुढच्या खोला लागायची.

अशाच एका संध्याकाळी मी यजमानांवर पोटभर ओरडले. ते शांतपणे जेवत होते. "ज्याचं करावं भलं, तो म्हणते माझंच खरं," एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं.

आणि मग आमच्या नशिबानं एक गंमत केली. जिल्ह्याची फायनल सकाळी ठेवली, लवकर, कारण प्रमुख पाहुण्यांना दुपारनंतर दुसरीकडे लग्नाला जायचं होतं. सगळ्या शाळांनी कुरकुर केली, कुणाची बस, कुणाची चाचणी परीक्षा. मी एकटी गप्प होते. जन्मभर मी ज्या पाहुण्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यातल्या एकाला त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले. सकाळ म्हणजे ऊन. लख्ख, तिरपं, हिवाळ्याचं ऊन. त्या उन्हात वाघाची लेन्स चालली असती.

चालली असती, पण चालवणार कोण? लेन्सचं तोंड, आतली बुरशी, कड्यातलं कुंकू, सगळ्याचा मी विचार केला होता. फायनल चालू असताना मी संघाची प्रशिक्षक म्हणून खुर्चीजवळ असणार आहे, माझे हात मुलींना खुणा करण्यात असणार आहेत, हे माझ्या डोक्यात आदल्या दिवशी आलं. मी कपाळावर हात मारला. यजमान शेजारीच बसले होते.

"मी काढतो ना," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"लेन्स तं मीच आणली."

मग मी त्यांना शिकवलं. कुठलं बटण दाबून धरायचं, लेन्स डाव्या हातावर कशी तोलायची. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब आहे, तिथून दूरचा खांब सरळ समोर दिसतो. तिथंच उभं राहायचं, हलायचं नाही. बाकी कुणाचा फोटो काढायचा नाही, पाहुण्यांचा तर नाहीच. ती मुलगी खांबाकडे निघाली की बटण दाबायचं आणि ती उठेपर्यंत सोडायचं नाही.

"वाघ असता तं सोपं गेलं असतं," ते म्हणाले.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात पाठलाग आमचा होता आणि समोरची एकच मुलगी उरली होती, सुळकन वळणारी, आमच्या तिघींना तिनं दमवलं होतं. प्रशिक्षकानं खुर्चीजवळ थांबायचं असतं, हे मी दुसऱ्या शाळांच्या प्रशिक्षकांना नेहमी सुनावते. मी कधी खुर्ची सोडली मला कळलं नाही. चुन्याच्या रेघेच्या बाहेरून मी पळत होते, ओरडत होते, "खांब घे, खांब घे." माझ्या त्या बारावीतल्या मुलीला खो मिळाला. ती उठली, वळली, खांबाकडे झेपावली. एक हात खांबाला, दुसरा पुढे, आणि अंग जमिनीपासून वर, पाट ठेवावा तसं सपाट. उन्हात. मी ते पाहिलं. समोरची मुलगी खांबामागे निसटत होती आणि तिच्या टाचेला बोट लागलं. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

मुली एकमेकींवर पडल्या, माझ्यावर पडल्या. ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना मंचाजवळ बोलावलं गेलं, कारण पाहुण्यांना उशीर होत होता. मी उलट्या दिशेला, कडुनिंबाकडे पळाले.

"काढला?"

"काढला ना." यजमानांनी कॅमेरा पुढे केला. "फक्त एक झालं."

मी पडदा डोळ्यांजवळ नेला. खांब. रिकामा खांब. पंचांची पाठ. आणि मग एकामागून एक तोच फोटो, त्यात मी. मान पुढे, तोंड उघडं, एक हात वर, कोपर बाहेर काढलेलं. गळ्याची शीर न् शीर दिसत होती, शिट्टीच्या दोरीचा धागा न् धागा दिसत होता. कॅमेऱ्यानं जवळ जे सापडलं ते धरलं होतं. आणि माझ्या कोपरामागे दूर, पुसट, एक निळा पट्टा, उडालेली वेणी आणि अर्धा चेहरा.

"तूच आली मधात," यजमान म्हणाले. "मी तुले हात करून राहिलो होतो, सरक म्हणून. तुहं लक्षच नाही." माझा चेहरा पाहून ते थांबले आणि समजूत घालायला म्हणाले, "पण तुहा फोटो जबर आला, पाह्य. लग्नातही असा नव्हता आला."

ते खरं होतं. मैदानावर खेळाच्या मधोमध असलेला माझा पहिला फोटो होता तो, आणि उत्तम होता. तरुणपणी असा एक मिळावा म्हणून मी काय दिलं नसतं. आता मला तो नको होता. मला इतका राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. यजमानांवर काढायला जागा नव्हती. त्यांना सांगितलं होतं तिथं ते उभे होते आणि हललेही नव्हते.

"आला का मॅडम?"

ती मंचाकडून धावत आली होती, पुढचं सगळं अंग मातीनं भरलेलं, ढोपर फुटलेलं. नाही आला, असं मी सांगणार होते. पण ती माझ्या खांद्यावरून वाकलीसुद्धा. आधी हसली. "तुम्ही किती ओरडून राहिल्या मॅडम." मग तिचे डोळे फोटोभर फिरले. खांबाजवळ, रेघेजवळ, पुन्हा खांबाजवळ.

"अन् मी कुठी आहे?"

मी कोपरावर बोट ठेवलं.

ती बराच वेळ जवळून बघत राहिली. "हे मी?"

"हो," मी म्हटलं. "हे तू."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोच समजूतदार चेहरा केला. "छान आला तुमचा फोटो. मले पाठवा हं मॅडम, आईले दाखवायचा आहे." मंचावरून पुन्हा पुकारा झाला आणि ती गेली. तिथं पाहुण्यांच्या शेजारी कर्णधार उभी राहिली, बाकीच्या मुली मागे उभ्या राहिल्या, आणि फोटोग्राफरनं सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं.

मी फोटो पाठवला. न पाठवण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतं.

संध्याकाळी तो तिच्या स्टेटसवर होता. माझं उघडं तोंड, माझा वर उचललेला हात. कोपरामागच्या त्या निळ्या पट्ट्याभोवती तिनं बोटानं वाकडातिकडा लाल गोल काढला होता, गोलाला एक बाण जोडला होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं: "हे मी."